सासूबाई, साडू आणि गाडीचा एसी

माझ्या साडूंचा स्वभाव अत्यंत परोपकारी आहे आणि त्यांच्याविषयी माझी मुख्य तक्रार हीच आहे. काही माणसं उपकार करतात आणि विसरून जातात. साडू उपकार करतात आणि छत्री विसरल्यासारखा तो तुमच्या घरी ठेवून जातात. मग अधूनमधून येऊन ती छत्री जागेवर आहे ना, कुठे फाटली तर नाही ना, हे उघडून बघतात. आमच्या घरातला पाण्याचा फिल्टर कुठून आणला, दातांचा डॉक्टर कुणी सुचवला, मुलीला कॉलेजात कुठली शाखा घ्यायला सांगितली, या प्रत्येक प्रश्नाच्या टोकाला साडू उभे असतात. कुठल्याही दुकानाचा पत्ता देताना ते शेवटी एक वाक्य हमखास जोडतात : "माझं नाव सांगा." मी दोन-तीनदा सांगूनही पाहिलं. दुकानदारांनी "कोण?" असं विचारलं. पण हे साडूंना सांगण्याइतका मी निर्दय नाही.

तर सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी सूचना दिल्या : धूळ नको, वारा नको, गाडीतून न्याल तेव्हा काचा बंद ठेवा, आणि पुढचा महिनाभर तपासणीला आणत राहा. हे ऐकायला आम्ही सगळे जमलो होतो. डॉक्टरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत साडूंनी उपकाराचा हात वर केला.

"काचा बंद म्हणजे एसी आलाच. माझी गाडी आहेच की! आणि ने-आण करायची तर आई आमच्याकडेच राहतील महिनाभर. सोयीचं पडेल."

मी बायकोकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा घरातल्या भांड्यांना बोलायची पाळी येते, हा माझा जुना अनुभव आहे. म्हणून मी घाईघाईने म्हणालो, "एसी काय, आमच्याही गाडीला आहे."

हे खरं होतं. परदेशात आमचा एक चुलतभाऊ आहे, तितकंच खरं. आहे, एवढंच, उपयोग शून्य.

"चालतो?" साडूंनी विचारलं.

"चालतो म्हणजे काय! गारठतं माणूस आत."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, मी एक सांगू? बाबा गेल्यापासून आई दर वेळी ताईकडेच उतरते. माझ्याकडे येते ती पाहुणी आल्यासारखी, पर्स मांडीवर धरूनच बसते. या वेळी ती माझ्याकडे राहायला हवी. मला तिचं करायचंय. तुम्ही बाकी काही करू नका. तेवढा एसी नीट करून आणा. नाहीतर भाऊजी हॉस्पिटलच्या दारातूनच घेऊन जातील तिला."

आता हे वाचून कुणालाही वाटेल, की गॅरेजमध्ये जायचं, गॅस भरायचा, विषय संपला. मलाही तसंच वाटलं होतं. सगळे मोठे अनर्थ अशा छोट्या वाक्यांनीच सुरू होतात.

एसी किती दिवस बिघडलेला होता, हे मला ठाऊक नव्हतं, कारण तो लावण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती. एसी पेट्रोल पितो. आम्ही काचा उघड्या ठेवून हिंडायचो. फक्त सिग्नलला शेजारी कुणी ओळखीचं दिसलं, की मी पटापट काचा वर घ्यायला लावायचो आणि हिरवा दिवा लागेपर्यंत आम्ही तिघं बंद काचांआड घामाने निथळत, पण गार चेहऱ्याने बसायचो. माणसाने निदान चारचौघांत तरी थंड असावं.

दुसरी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. आमच्या घरात वस्तू वापरत नाहीत, सांभाळतात. आमचा सोफा ज्या दिवशी आला त्या दिवशीच्या प्लॅस्टिकमध्ये आजही आहे. पाहुणा उठला, की कुणीतरी मोठं पाकीट फाडल्यासारखा आवाज होतो. टीव्हीचा रिमोट पिशवीत आहे. गाडीच्या मागच्या सीटही कंपनीने दिल्या तशाच आहेत. बायको म्हणते, "आपल्या सोफ्याचा रंग कोणता हे मला बिल काढून वाचावं लागतं." म्हणो बापडी. वस्तू नवीकोरी राहिली पाहिजे, हे माझं तत्त्व आहे. वस्तूचा उपभोग घेणं ही वेगळी गोष्ट. ती कुणीही करू शकतं.

मी एसी पूर्ण जोरात लावून पाहिला. आवाज असा, की गाडी आता जमीन सोडणार. हवा अशी, की एखादे म्हातारे गृहस्थ बशीतल्या चहावर फुंकर घालताहेत. आणि तीही कोमट.

मी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. तिथे ग्राहकांना बसायला काचेची एक खोली असते आणि ती इतकी गार असते, की गाडीऐवजी आपणच दुरुस्तीला आलोय असं वाटावं. टाय लावलेला एक सल्लागार हातात टॅब्लेट घेऊन आला.

"सर, केबिन फिल्टर कधी बदललाय?"

या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच मी तो स्वतः बदलला होता. व्हिडिओ बघून. सामान ठेवायचा डॅशबोर्डमधला कप्पा उतरवायचा, मागच्या खाचेतून जुना फिल्टर ओढायचा, नवा सरकवायचा. जरा घट्ट बसला. पण चांगली वस्तू घट्टच बसते. शेवटी खाचेवरचं झाकण तेवढं लागेना, उरलंच. कंपन्या हल्ली जास्तीचे सुटे भाग देतात अशी माझी समजूत आहे. मी ते कपाटात जपून ठेवलं.

"फिल्टर नवा आहे," मी म्हणालो. "मी स्वतः घातलाय. अजून अगदी जसाच्या तसा असेल."

"वा, सर! असे कस्टमर हल्ली कुठे मिळतात!" असं म्हणून त्याने फिल्टरवर फुली मारली. मला धन्य वाटलं. आज विचार करतो तेव्हा त्या तरुणाच्या कौतुकाची माझ्या खात्यावर किती मोठी रक्कम पडली, हे लक्षात येतं.

त्यांनी जुना गॅस काढला, नवा भरला, आणि वर 'एसी ट्रीटमेंट' नावाचा एक विधी केला. त्यात काय करतात ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण गाडीला लिंबाचा वास येऊ लागला. आधी नुसती कोमट फुंकर येत होती, आता लिंबू लावलेली येऊ लागली. मी तक्रार केली तेव्हा सल्लागार म्हणाला, "सर, नवीन गॅस आहे. थोडा सेट व्हायला वेळ द्या." नवीन सुनेबद्दल बोलावं तसं. संध्याकाळी तिथूनच एका मुलीचा फोन आला.

"सर, सेवेबद्दल दहापैकी किती गुण द्याल?"

"हवाच येत नाही हो."

"ते मी कळवते सर. पण गुण दहाच द्या ना. नऊ दिले तर आम्हाला कारणं लिहावी लागतात."

मी दहा दिले. मी कुणाला वाईट गुण देऊ शकत नाही, आणि हे जगाला कसं कळतं कोण जाणे.

खालच्या मजल्यावर आमचे एक शेजारी राहतात. त्यांना सगळे थर्मामीटर म्हणतात. निवृत्त आहेत, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीचं तापमान घेणं हा त्यांचा उद्योग आहे. माझी बातमी त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ते आपलं यंत्र घेऊन गाडीत येऊन बसले, नळी एसीच्या झडपेत खुपसली आणि डोळे मिटून वाट पाहू लागले. दहावीचा निकाल लावावा तसं मग त्यांनी जाहीर केलं, "बाहेरच्यापेक्षा आत जास्त आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही एसी बंद केलात तर गाडी थंड होईल."

त्यांच्याच सल्ल्याने मी घरी येऊन काम करणारा एक गॅसवाला बोलावला. हा मनुष्य स्कूटरला सिलिंडर बांधून आला आणि फाटकातच अडला, कारण वॉचमनने सेक्रेटरींना फोन केला. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी नियमांवर प्रेम करणारे आहेत. माणसांवर करायचं राहून गेलं असावं.

"आवारात सिलिंडर आणायचा तर कमिटीची परवानगी लागते," ते म्हणाले.

"अहो, हा पेटणारा गॅस नाही. थंड करणारा आहे."

"हे तुम्ही म्हणता. कमिटी म्हणाली पाहिजे."

"मग विचारा कमिटीला."

"कमिटीची सभा महिनाअखेरीला."

"कमिटीत कोण कोण आहे?"

"सध्या मीच."

"मग तुम्हीच सांगा ना आत्ता!"

"असं मी एकटा कसं ठरवू?" सेक्रेटरी दुखावल्या स्वरात म्हणाले. शेवटी गॅसवाला फाटकाबाहेर रस्त्यावर उभा राहिला, मी गाडी बाहेर काढली, आणि सेक्रेटरी फाटकाच्या आत नियमाच्या रेषेवर पाय जुळवून काम बघत राहिले. थर्मामीटर रेषेच्या दोन्ही बाजूंचं तापमान घेत होते.

गॅसवाल्याने दाब मोजायची घड्याळं लावली, नळ्या जोडल्या, बॉनेटमध्ये कान घातला, मग डॅशबोर्डखाली.

"गॅस बरोबर आहे साहेब. कॉम्प्रेसर ठीक. पंखाही जोरात ओरडतोय. आत कॉइलवर बर्फ धरतोय बघा, पण हवा पुढे येत नाही."

"म्हणजे आत गार आहे?"

"आत एकदम गार. बाहेर पोचत नाही."

"सरकारी योजना," थर्मामीटर म्हणाले.

"फिल्टर बघू का?" गॅसवाल्याने कप्प्याकडे हात नेला.

"त्याला हात लावू नका!" मी ओरडलो. "नवा आहे तो. तुमच्या हाताला ग्रीस आहे. मी स्वतः घातलाय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे पाहिलं. "तुमची गाडी, तुमचा घाम," तो म्हणाला, आणि कप्प्याची एक खिटी बाहेर आली होती ती ढकलल्यासारखं करून मीटर गुंडाळू लागला. त्याच्या मते आता अख्खा डॅशबोर्ड उतरवून कॉइल बाहेर काढायला हवी होती. आठवड्याचं काम. ऑपरेशन दोन दिवसांवर आलेलं.

संध्याकाळी सेक्रेटरींचा निरोप आला : आपल्या वाहनाखाली पाण्याचं तळं साचलं असून त्याचा ओघ माझ्या पार्किंगकडे आहे, तरी खुलासा करावा. आतला बर्फ वितळला होता. गारवा माझ्या गाडीतून निघाला होता खरा. पण आम्हाला न भेटता परस्पर सेक्रेटरींकडे गेला होता.

साडूंचा फोन रोजच येत होता. "काय साडूभाऊ, ऐकलं एसीचं काम काढलंय? कशाला उगाच त्रास! आणि एखादा चांगला माणूस हवा असेल तर पत्ता देतो. माझं नाव सांगा."

"त्रास कसला! नेहमीची देखभाल," मी म्हणालो. बायको समोर बसून आईच्या खोलीच्या उश्यांना अभ्रे घालत होती. तिने पडदे बदलले होते, दिव्यावर प्रकाश डोळ्यांत जाऊ नये म्हणून कागद लावला होता, आणि आईच्या आवाक्यात येईल अशा उंचीवर खुंटी ठोकून घेतली होती. पर्ससाठी. त्या खुंटीकडे बघून मला प्रथमच जरा धसका बसला. मानापमानाचं मी बघून घेतलं असतं. माझा अपमान अंगवळणी पडलेला आहे. पण ती खुंटी रिकामी राहिली असती तर तिचं काय करायचं, हे मला सुचेना.

ऑपरेशनच्या दिवशी मी शेवटचा उपाय केला. फ्रिजरमध्ये पाण्याच्या बाटल्या दगड करून त्या नॅपकिनात गुंडाळल्या आणि झडपांसमोर मांडल्या. झडपांतून वाराच नसल्यामुळे बाटल्या जागच्या जागी रडू लागल्या. समोरची काच आतून धुक्याने भरली. बायको वाटभर काच पुसत होती. तिने एकदाही मला बोल लावला नाही, तेव्हाच मला परिस्थितीचं गांभीर्य कळलं.

ऑपरेशन नीट झालं. एका डोळ्यावर झाकण लावलेल्या सासूबाईंना आम्ही हळूहळू खाली आणलं आणि पुढच्या सीटवर बसवलं. काचा बंद. मी एसी पूर्ण जोरात लावला. बायको म्हणाली, "डोळ्यांत घालायचे थेंब राहिले, औषधांच्या दुकानातून घेऊन येते," आणि आत पळाली. आणि आमच्या शेजारीच, अगदी आरसा भिडेल अशी, साडूंची गाडी येऊन उभी राहिली. साडू खाली उतरले. त्यांनी आपल्या गाडीचं मागचं दार उघडं टाकलं, तशी त्यातली गार हवा आमच्या बंद काचेला येऊन टेकली. मला ती दिसली, अशी शपथ घ्यायला मी तयार आहे.

त्यांनी काचेवर टकटक केली. मी बोटभर काच खाली केली.

"आई, घाम आलाय तुम्हाला! पट्टी ओली होईल. या इकडे. आमच्याकडेच चला सरळ, हिने खोली तयार ठेवलीय."

सासूबाईंच्या कपाळावर खरंच घाम होता. त्या डोळ्याजवळ ओल जायला नको होती. आता इथे हट्ट करणारा जावई मूर्ख तरी असतो किंवा दुष्ट तरी. दोन्ही व्हायची माझी तयारी नव्हती. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "आई, तुम्ही जा तिकडे. डोळा महत्त्वाचा."

"थांबा हो, घाम तरी पुसू दे आधी," सासूबाई म्हणाल्या. "रुमाल वगैरे आहे का काही इथे?" आणि त्यांनी समोरचा कप्पा उघडला.

गॅसवाल्याने ढकलल्यासारखी केलेली खिटी निसटली. अख्खा कप्पा त्यांच्या मांडीत आला. मागे काळोखी खाच दिसू लागली, आणि त्या खाचेतून एक टोक बाहेर आलेलं होतं. चकचकीत.

सासूबाईंनी उघड्या डोळ्याने ते न्याहाळलं. काच मी पटकन वर घेतली. साडू बाहेर सासूबाईंसाठी सीटवर उशी रचत होते.

"जावईबापू, हा नवा शर्ट इथे का ठेवलाय?"

"शर्ट नाही आई. फिल्टर आहे तो. गाडीत हवा यायची ती त्यातून गाळून येते."

"त्यातून?" सासूबाईंनी टोक धरलं आणि ओढलं. फिल्टर बाहेर आला. कारखान्यातून आला तसाच, चारी बाजूंनी प्लॅस्टिकमध्ये सीलबंद, वर किमतीची चिठ्ठी, आणि 'वेष्टन काढून बसवा' ही लाल अक्षरं, जी मी आधी पाहिली नव्हती असं म्हणणं मला भाग आहे. वाऱ्याची काय बिशाद होती! तो बिचारा उन्हाळाभर त्या पिशवीला ढुशा देत होता.

सासूबाईंनी नखाने कोपरा फाडला, फिल्टर बाहेर काढला, "उघडा घालू ना?" असं विचारलं, आणि मी मान हलवल्यावर खाचेत सरकवला. तो लोण्यासारखा आत गेला. मी कप्पा जागेवर दाबला.

आणि मग तो आला. अनेक दिवस कोंडून ठेवलेला, नवा गॅस प्यायलेला, लिंबाचा वास ल्यालेला असा काही वारा सुटला, की झडपेपुढची बाटली उडाली आणि सासूबाईंनी पदर गच्च आवळला. झडपा दुसरीकडे वळवेपर्यंत माझ्या हाताची बोटं बधिर झाली.

सासूबाईंनी प्लॅस्टिकची घडी घातली. मूळच्या दुमडींवरून, नीट. आणि ती पर्समध्ये ठेवून पर्सची चेन ओढली.

"आई," मी खालच्या आवाजात म्हणालो, "तेवढं हिला..."

"कुठे काय?" सासूबाई म्हणाल्या. "मला काय दिसतंय? माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय."

बायको थेंब घेऊन आली, दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. "अगंबाई! केवढं गार!"

साडूंनी हात आत घालून पाहिला. मग दुसरा हात घालून पाहिला. "कुणाकडून केलंत काम?"

"जावईबापूंनी स्वतः केलं," सासूबाई म्हणाल्या. "माझ्यासमोर. चल गं, दार लाव, गारवा जातोय सगळा."

साडूंच्या गाडीचं मागचं दार उघडंच होतं. आम्ही हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत ते बंद झालेलं नव्हतं.

सासूबाई महिनाभर आमच्याकडे राहिल्या. पहिल्याच संध्याकाळी पर्स खुंटीवर गेली, आणि बायकोने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. पण उपकार फुकट नसतो, हे मी साडूंकडून शिकलो होतो. सासूबाईंनी त्याचे वरचे धडे दिले. दुसऱ्या दिवशी त्या सोफ्याच्या हातावर बोट फिरवत अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, हे उघडं करू ना?" खुंटीवर पर्स लटकत होती. तिची चेन अर्धी उघडी होती.

"करा की," मी म्हणालो.

बायको माझ्याकडे बघतच राहिली. मग रिमोट गेला. मग गाडीच्या सीट. रोज एक वस्तू, रोज तोच प्रश्न, आणि रोज माझं तेच उदार उत्तर. "अहो, तुम्हाला बरं नाही का?" बायकोने विचारलं. सोफा निळा निघाला. मोरपंखी निळा. ती त्याच्यावर पाय वर घेऊन बसली आणि बराच वेळ हात फिरवत राहिली. कुणी उठलं तरी आवाज होत नव्हता.

महिना संपल्यावर साडू सासूबाईंना न्यायला आले. बसता बसता थबकले. सोफ्याकडे पाहिलं, कापडाची एक चिमूट धरली, तिला वास घेऊन पाहिला.

"नवा घेतलात?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या आता दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघत होत्या. हात पर्सवर होता. पण चेन बंद होती.

"हो," मी म्हणालो.

"फारच सुरेख!" साडू म्हणाले, आणि मग आमची ओळख झाल्यापासून प्रथमच त्यांनी मला विचारलं, "कुठून घेतलात? आम्हालाही बदलायचाच आहे."

ते दुकान बंद होऊन कित्येक वर्षं झाली. मी त्यांना सविस्तर पत्ता दिला. वळणंसुद्धा सांगितली.

"आणि हे बघा," मी म्हणालो, "माझं नाव सांगा."